पंचवीसचे तीस

जानेवारीत ब्रोकन बो गावाहून फोन आला.
ओपल लिंडक्विस्ट, वय ब्याऐंशी.
नवऱ्यानं सरकारी रस्त्यांवरचं बर्फ काढण्यात जन्म घालवला,
त्याच्यामागे तिला महिन्याला येतात
अठराशे सत्तेचाळीस डॉलर, पन्नास सेंट.
या वेळी आले सत्तेचाळीस पन्नास.
"वरचे अठराशे कुठे ठेवलेत?" तिनं विचारलं.
रागावून नाही,
चष्मा सापडत नसल्यासारखं.

लुडमिला ह्रुश्काला आम्ही तिसऱ्यांदा बोलावलं.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तिला.
विल्बरहून लिंकनपर्यंत गाडी हाकत आली,
बर्फाचे बूट, खसखशीच्या कोलाच्यांचा डबा.
डम्प कागदावरच हवा म्हणाली,
पडद्यावर आकडे हसतात, कागदावर गप्प बसतात.

"हे बघ, एमेट.
एक प्रोग्राम दुसऱ्याला हाक मारतो
तेव्हा वस्तू देत नाही, पत्ता देतो.
बाय रेफरन्स म्हणजे एवढंच:
माझं घर इथून सुरू होतं, जा, हवं ते कर.
नावांना तिथे कवडीची किंमत नाही.
हा म्हणेल वारसाचं नाव, तो म्हणेल सदस्याचं,
ओळख फक्त क्रमाची,
पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा,
पंगतीत पानावर बसल्यासारखी.
आणि लिंकेज सेक्शन?
त्याला स्वतःची वीतभर जागा नाही.
नुसत्या पाट्या.
ज्या दाराला लावशील, ते घर."

मग तिची पेन्सिल थांबली.
चाळीस चाळीस चाळीस चाळीस चाळीस.
मेनफ्रेमच्या लिपीत चाळीस म्हणजे
काही नाही. कोरी जागा.
नावाची पंचवीस घरं,
आणि लगेच, मध्ये भिंतही न घालता, रक्कम.
रकमेची पहिली पाच घरं कुणीतरी
स्वच्छ झाडून काढली होती.

कुणीतरी म्हणजे मी.
ऑक्टोबरात नवा नियम आला, लांब नावं कापायची नाहीत.
हाक ऐकणाऱ्या प्रोग्रामात मी केले पंचवीसचे तीस.
हाक मारणारे अकरा होते.
मी दहा शोधले.

हे मी सांगितलं तेव्हा
ती कोलाच्याचा तुकडा मोडत होती.
"पंचवीस मीच ठरवले होते," म्हणाली,
"सत्त्याहत्तर साली, तेवीस वर्षांची असताना.
तेव्हा इथली नावं आखूड होती,
किंवा आखूड नावांचीच माणसं आम्हाला दिसायची.
आता लोक येतात अख्खं कुळ नावात घेऊन,
यावंच त्यांनी.
तू पत्ता घेतलास, कुंपण विचारलं नाहीस.
पत्ता फक्त सांगतो घर कुठे सुरू होतं,
कुठे संपतं ते
दोघांनी आपापल्या मनात धरलेलं असतं."

मी म्हणालो, मग प्रतच देऊ, बाय कंटेंट?
मूळ आपल्याकडे सुरक्षित.
"दे की. तो प्रतीवर राबेल, निघून जाईल,
आणि त्यानं काय केलं
ते तुला कधीच कळणार नाही.
विश्वास टाकायचाच तर मोजून टाक."

मोजलं. एकच कॉपीबुक, अकराही जणांना तेच.
तीनशे अकरा चेक पुन्हा निघाले,
रात्रीचे सव्वादोन, बाहेर उणे एकोणीस.
जाताना तिनं माझ्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं:
गोबॅक आहे ना? बरं.
स्टॉप रन लिहिलंस तर
हाक मारणाऱ्याच्या घरचाही दिवा जातो.
मग स्कार्फ गुंडाळून
जिथून आली होती तिथे परत गेली,
ओळीच्या पुढच्या ओळीवर.

सकाळी ओपलला फोन केला.
सापडले, म्हटलं, अठराशे.
"कुठे होते?"
मी जरा थांबलो.
नावाखाली, म्हणालो.
तुमच्याच नावाखाली दबले होते.
"हं," ती म्हणाली,
"त्याचं नाव लांबच होतं."