काळी चारच्या जराशी खाली

दोहा, डिसेंबर. स्टेडियमच्या पोटात
खिडकी नसलेली खोली,
दोन यंत्रं, तीन माणसं,
आणि दाराशी रॅकेटींची रांग,
दवाखान्यात बसल्यासारखी.
प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी : देश, नाव, किती पौंड.
माझ्याही गळ्यात कार्ड आहे.
त्यावर जेवणघराचा आकडा आहे, बसचा आहे,
कोर्टाचा नाही.

म्हणून मी सामना ऐकतो.
डोक्यावर सिमेंट, त्यावर खुर्च्या, त्यावर माणसं,
आणि त्या सगळ्यातून झिरपत खाली येणारा चेंडू.
ठप्. ठप्. मग टाळ्या,
म्हणजे कुणाचा तरी चुकला.
रोमेल म्हणतो, वेडा आहेस, टीव्ही बघ.
टीव्हीवर पोहणं चाललंय.
रिमोट हातेमसाहेबांच्या खिशात.

मिरजेत, दुकानाच्या ओट्यावर
अब्बा तंबोऱ्याची जवारी काढायचे.
घोडीवर कानशीचा एक हात, मग कान.
पुन्हा एक हात. तारेखाली सुताचा दोरा
केसभर पुढे, केसभर मागे.
सापडेपर्यंत आम्ही शिंकायचंसुद्धा नाही.
मला म्हणायचे,
तुला कान आहे रे, बैठक नाही.
खरंच होतं. उठलो तो इथवर आलो.

मंगळवारी ती आली. किरगिझस्तान.
चिठ्ठीवर नाव बेगिमाई,
वय सतराच्या आसपास, नाकाला सालटं निघालेलं.
बाकीच्या सहा-सहा रॅकेटी आणतात,
हिची एक. मुठीला
सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळलेली.
किती पौंड? मी बोटांनी विचारलं.
तिने खांदे उडवले,
मग जुन्याच जाळीवर नख मारून दाखवलं :
असं.

अकरा वर्षांत
असं कुणी सांगितलं नव्हतं.
मी कातर खाली ठेवली. पुन्हा मारायला लावलं.
काळी चारच्या जराशी खाली.
आकडा तर लिहावाच लागतो, नाहीतर साहेब ओरडतात.
पंचावन्न लिहिलं,
आणि उभ्या सोळा, आडव्या एकोणीस
कानाने ओढल्या.

दुपारी वरच्या कोर्टावर तीच.
समोर तिसरं मानांकन.
लाउडस्पीकर आधी अरबीत, मग इंग्रजीत :
सहा-शून्य. माझी अजून
एक रॅकेटही पुरी झाली नव्हती.
दुसऱ्या सेटला वारं सुटलं, दाराच्या फटीतून
वाळू येऊन तेलाच्या डबीवर बसली.
पण तिचा फटका आता वेगळा कळत होता.
जाळीत रबराचं बटण तिने लावलं नव्हतं ना,
म्हणून समोरचीचा ठप्,
आणि हिचा टंऽऽ, मागे जरा रेंगाळणारा.

शून्य-चार. मग एक गेम
संपेचना. ड्यूस. ड्यूस. पुन्हा ड्यूस.
रोमेल हातातली तार धरून तसाच उभा.
हातेमसाहेबांनी पोहण्याचा आवाज बंद केला,
पण मान वळवली नाही.
ठप्. टंऽऽ. ठप्. टंऽऽ.
टंऽऽ.
आणि पुढे काहीच नाही.
मग तीसेक माणसांच्या टाळ्या,
पण तीस हजारांच्या असाव्यात तशा.
एक-चार.

पुढच्याच चेंडूवर तट्.
तो आवाज मी झोपेतही ओळखेन.
कुणीतरी तिला आपली रॅकेट दिली असणार,
कारण त्यानंतर दोन्हीकडून ठप्, नुसतं ठप्,
त्यातली बेगिमाई कुठली
मला शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी दारात उभी.
केसांत वाळू, हातात तुटकी जाळी.
हातेमसाहेब म्हणाले, बाद झालेल्यांचं फुकट नाही.
म्हणाले, आणि करक प्यायला बाहेर गेले,
अर्धा तास तरी येणार नाहीत अशा चालीने.

मी बांधून दिली.
तिने नख मारलं. कान लावला. मान हलवली,
अंगठा आणि तर्जनीत तांदळाएवढं अंतर दाखवलं :
एवढं वर.
तिला सांगितलं, सगळं उसवावं लागेल,
वीस मिनिटं, तुझी बस निघून जाईल.
काय कळलं कोण जाणे.
तिने स्टूल ओढलं
आणि बसली.
बैठक होती पोरीला.