आठ रंगांची पट्टी

सोहारच्या कॅम्पात, बी ब्लॉकच्या मुतारीत,
बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर
सेफ्टीवाल्यांनी चित्र चिकटवलंय:
आठ रंग, एकाखाली एक,
आणि वर चार भाषांत एकच प्रश्न,
तुमची आज कितवी?

मराठीत नाही.
पण रंगाला कशाला हवी लिपी.

पहिल्या दिवशी सगळे हसलो.
सर्जेराव म्हणाला, नऊ वर्षांत कंपनीनं
पहिल्यांदा माझी चौकशी केली, ती ही.
दुसऱ्या दिवशी बारसं उरकलं:
एक नंबर ताकाची निवळ,
तीन नंबर मोहरीचं तेल, हे नेपाळच्या डंबरचं,
पाच गुळवणी, सहा काकवी.
तळाच्या आठव्याला कुणी नाव देईना.
शेवटी मुर्तुझा परकार म्हणाला,
हा फोरमनचा कोरा चहा.

मग पैजा लागल्या.
हरेल त्यानं शुक्रवारी सगळ्यांना लबान पाजायचं.

जूनमध्ये डॉक्टरीणबाई आल्या, कोवळ्या, घामेजलेल्या.
दर वीस मिनिटांनी एक ग्लास. समजलं?
समजलं, आम्ही शाळेतल्यासारखं, एका सुरात.
त्यांनी आमचा फोटो काढला.

आणि खरंच समजलं होतं, बाई.
समजण्यात आमची खोट नव्हती.
परात बेचाळीस मीटरवर.
हुक सोडायचा, सात शिड्या उतरायच्या,
मुतारी टाकीच्या पार पलीकडे,
जाऊन येऊन पंचवीस मिनिटं,
आणि तिसऱ्यांदा उतरलं की टाइमकीपर
चष्म्यावरून बघतो.
लिहीत काही नाही. नुसता बघतो.
म्हणून नवानंतर, साडेबाराची सुटी होईस्तोवर,
आम्ही फक्त ओठ ओले करतो.

मुर्तुझा चार दिवस आठव्यावर होता.
पैजेत सहावा सांगत राहिला.
पाचव्या दिवशी चौथ्या शिडीवर थांबला,
म्हणाला, दर्या उभा राहिलाय रे,
आणि हात सुटला. हुक होता म्हणून लोंबला.
आता बरा आहे. दोन सलाईन, दोन दिवस आराम.
आरामाचे पैसे कापले का
ते महिनाअखेरीला कळेल.

परवा रात्री त्या चित्राखाली
कुणीतरी जाड मार्करनं लिहिलं,
मराठीत, ओळ तिरकी उतरत गेलेली:
पाणी आहे. मुतारी वर आणा.

सकाळी सेफ्टीवाला स्पिरिट आणि फडकं घेऊन आला.
जॉर्डनचा माणूस, वाईट नाही.
मला विचारलं, काय लिहिलंय हे?
मी वाचल्यासारखं केलं, बोट फिरवत,
अक्षर सर्जेरावचं, र चा पाय लांब.
म्हटलं, साहेब, पाणी प्या, एवढंच.

त्याला बरं वाटलं.
फडकं खिशात घातलं,
आणि त्यानंही एक फोटो काढला.