महत्त्वाचा कालखंड

यादीत अकरा नोंदी आहेत.
वर्षातून एकदा, बर्फ वितळून रस्ते चिखलातून वर आले
की मी कोर्टाच्या तळघरातून फाईल काढते,
थर्मासमध्ये कॉफी भरते
आणि ऑलमन काउंटी जागेवर आहे ना, बघून येते.

कोर्ट स्वतःच पहिली नोंद.
घुमटावरची न्यायदेवता जस्ताची.
सत्तावीसच्या वादळात तिचा तराजू उडाला
आणि डुकरांच्या कोंडवाड्यात सापडला,
एक पारडं मात्र सापडलंच नाही.
खटले चालू राहिले.

चौथी, स्टेनेरुडांचा गोल गोठा.
गोल का, तर गाईंना चारा घालायला पावलं कमी पडतात,
असं तेव्हाच्या शेतकी पत्रकात छापलं होतं.
टोर्वाल्डचा नातू सांगतो, छे,
आजीशी भांडण झालं की आजोबा आत फेऱ्या मारायचे,
गोलात कुठे पोचावं लागत नाही.
फॉर्मवर मी पत्रकातलं कारण लिहिलं.
फेऱ्यांची वाट मात्र लाकडी जमिनीत झिजून
अजून स्पष्ट दिसते,
उजवीकडून डावीकडे.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो:
महत्त्वाचा कालखंड. पासून, पर्यंत.
सहावी नोंद, एका खोलीची शाळा, मीच भरली.
अठराशे एकोणनव्वद ते एकोणीसशे बावन्न.
म्हणजे शाळेचं महत्त्व संपल्यावर
पाच वर्षांनी मी पहिलीत गेले.
तिथल्या शेगडीवर माझे ओले हातमोजे जळले होते.
त्या वासाला कुठल्याच रकान्यात जागा नव्हती.

मेन स्ट्रीटच्या दोन गल्ल्या मिळून एक ऐतिहासिक विभाग.
एकवीस इमारती,
चौदा 'योगदान देणाऱ्या', सात 'न देणाऱ्या'.
हे शब्द माझे नाहीत, नियमावलीचे आहेत.
न देणाऱ्यांत एलोईसा बाराहोनाची बेकरी,
कारण दर्शनी भिंतीवर कुणीतरी कधीतरी
ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला.
पहाटे चार वाजता अख्ख्या विभागात
दिवा असतो तो तिचाच.
बाकी चौदा इमारती काळोखात
योगदान देत उभ्या असतात.

नववी नोंद, फिडलर ओढ्यावरचा लोखंडी पूल.
नाही तो आता.
एका जूनमध्ये पाणी आलं, रात्रीत घेऊन गेलं.
नाव घालायचा अर्ज बत्तीस पानांचा होता,
नाव काढायचा दोनच पानांचा.
चार वर्षं माझ्या खणात पडून आहे.
यादीत तो पूल अजून
रोज ओढा ओलांडतो.

आणि अकरावी.
पत्त्याच्या जागी लिहिलंय: जाहीर करू नये.
म्हणून मीही सांगणार नाही.
कडा आहे, ओकची झाडं आहेत, आणि गवताखाली
मातीचंच एक अस्वल, पाऊणशे फुटांचं,
कुशीवर निजलेलं.
काउंटी नव्हती, कोर्ट नव्हतं, तेव्हापासूनचं.
मार्व्हिन लोनट्री, हो-चंक राष्ट्राचा माणूस,
माझ्याबरोबर आला होता.
त्याने मला वरून चालू दिलं नाही,
कडेकडेने नेलं,
जसं झोपलेल्या माणसाच्या उशाशी जावं तसं.
कालखंडाच्या रकान्याशी मी अडले.
तो म्हणाला, 'पासून' तुम्हाला ठरवायचं तर ठरवा,
'पर्यंत' मोकळं सोडा.

संगणक मोकळा रकाना घेईना.
तीनदा लाल अक्षरांत ओरडला.
शेवटी मी एक टिंब दिलं
आणि त्याने ते मुकाट्याने घेतलं.
राजधानीतून अजून कुणी
त्या टिंबाबद्दल विचारलेलं नाही.

परतताना कॉफी गार झाली होती.
ओढ्यापाशी आले, सवयीने गिअर बदलला,
मग आठवलं.
वळसा घातला. सव्वासात मैल.