कारण: इतर

पर्वरीच्या कचेरीत टेबलं जोडून
आम्ही नकाशा अंथरला
आणि कंपासचं टोक केप्याच्या कॉलेजवर रोवलं.
त्रिज्या पंधरा किलोमीटर.
वर्तुळात जे गाव येईल
तिथे उच्च शिक्षण पोचलं, असं धरायचं.
आगुस्तीन सरांचा हात पक्का,
रेघ कुठेही थरथरली नाही.

केरीमळ आत आलं. अकरा किलोमीटर,
पट्टीने.
चाकाने सत्तावीस. मध्ये डोंगर,
खाणीने अर्धा खाल्लेला, तरी डोंगरच;
रस्ता त्याला वळसा घालतो, दोन पूल ओलांडतो,
एका कुळागरात शिरून दुसऱ्यातून निघतो.
हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.
मी सांख्यिकी सहायक. मला टक्के ठाऊक होते.

जूनमध्ये मला पाठवलं:
रसायनशास्त्राच्या अकरा जागा रिकाम्या का?
सोबत छापील तक्ता.
आर्थिक, विवाह, अनिच्छा, इतर.
लागू असेल तिथे खूण करा.

रोशिता वेळीप पडवीत बसून
फणसाच्या बिया धूत होती.
बारावीला रसायनात एक्याण्णव.
प्रवेश घेतलेला बीएला, इतिहास.
मी विचारलं, इतिहास आवडतो?
ती ओल्या हाताच्या कोपराने केस मागे सारत म्हणाली,
प्रॅक्टिकल पाचला सुटतं.
शेवटची बस पाचला दहा कमी असताना.
इतिहास एकला सुटतो.

म्हणजे तिने विषय निवडलाच नव्हता.
बस निवडली होती,
आणि मासळीबरोबर बर्फ यावा
तसा बसबरोबर आलेला विषय
घरी नेला होता.

आर्थिक? शिष्यवृत्ती होती.
विवाह? आईने माझ्याकडे असं पाहिलं
की मी पेन खाली ठेवलं.
शेवटी ‘इतर’पुढच्या अर्ध्या इंचात लिहिलं:
चार पन्नास.

बैठकीत विचारलं गेलं, ही रक्कम कसली?
मी सांगितलं. माना हलल्या.
फाइल वाहतूक खात्यात गेली,
गणपती होऊन, दिवाळी होऊन परत आली:
सदर वेळेस प्रवासी अपुरे, सबब बस शक्य नाही.
बस नाही म्हणून पोरी नाहीत,
पोरी नाहीत म्हणून बस नाही.
खाली सही, शिक्का, आवक क्रमांक.
सगळं बिनचूक.

पुढच्या ऑगस्टमध्ये मी केप्याच्या स्टँडवर उभा.
चार पन्नास झाले. केरीमळची बस उभी.
पाच झाले. इंजीन चालू, बस उभी.
कुष्टा ड्रायव्हर उकिडवा बसून
मागच्या चाकाकडे बघत होता.
काय झालं?
‘टायर पळयतां,’ तो म्हणाला.
खिडकीतली मासळीवाली पाटी मांडीवर घेऊन गप्प.
कुणी घड्याळ पाहिलं नाही.
त्या टायरची सगळ्यांना सवय झालेली दिसली.

पाच सतराला चार पोरी धावत आल्या,
पिशवीतून अॅप्रनच्या बाह्या लोंबत.
चौथी रोशिता.
एक वर्ष इतिहासाला देऊन आलेली.
तिने तिकिटाचे पैसे पुढे केले
तेव्हा बोटांवर काळे डाग दिसले,
सिल्व्हर नायट्रेटचे,
साबणाने न जाणारे.
कुष्टा उठला. टायरला एक लाथ मारली,
हवा ठीक असल्यासारखी.

अहवाल लिहायला बसलो.
लिहिलं असतं तर त्याला मेमो गेला असता:
रोज सत्तावीस मिनिटं उशीर, खुलासा करा.
मी लिहिलं, वेळापत्रकात बदल नाही.
ते खरंच होतं.

आगुस्तीन सरांनी चश्मा वर केला.
अकराच्या सात झाल्या रिकाम्या जागा.
चार भरल्या कशा?
तक्त्यात तसा रकाना नव्हता.
इतर, मी म्हटलं.