शिम

बारा वर्षांची माझी पांढरी गाडी
थांबता थांबता किंचाळायची,
पितळी ताटावर चमचा ओढावा तशी.
गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या कवळ्यांनासुद्धा
कळ लागत असणार.

फैजपूरला, यावलच्या रस्त्यावर, लिंबाखाली
गुलशेर तडवी चाकाशी उकिडवा बसला.
पाना लांबच, आधी प्रश्न.
‘कव्हापासून वरडते?
सकायीच, का दिवसभर?
पाय हलका ठेवला का, का जोरात दाबला तव्हा?’
हलका, मी म्हणालो. वळणावर, गल्लीत शिरताना.
मग तो शेजारी बसला, काच उतरवली,
मला स्टँडपर्यंत नेऊन परत आणलं,
कान बाहेर, डोळे मिटलेले;
केळीचा ट्रक अंगावर आला तरी मिटलेलेच.
‘डावं. पुढचं.’

चाक निघालं. आतून काळी माती सांडली,
मे महिन्याची, पिठासारखी.
पॅडचं आयुष्य अजून निम्मं शिल्लक.
त्याच्या कडेला पोलादाची एक जीभ असते,
पॅड झिजला की चकतीला टेकून
ओरडण्यासाठीच ठेवलेली.
तिची पाळी अजून आली नव्हती.
‘मंग ही वरडते कसाले?’
हे त्याने मला नाही, गाडीला विचारलं.

कॅलिपरच्या पिना ओढल्या: कोरड्या ठाक,
सुकी नदी रावेरकडे उन्हाळ्यात
नावाला जागते तशा.
पॅडचं तोंड काचेसारखं चकाकत होतं.
मग त्याने पॅड उलटा केला
आणि शिवी दिली, मला नाही,
माझ्या आधीच्या कुणा उस्तादाला.
‘अठी एक पत्रा असतो. शिम.
कचरा समजून फेकला त्याने.’

काय काम असतं त्याचं?
‘काम काही नाही. मधी बसाचं.
दोघांची थरथर अंगावर घ्याची.’

बिस्किटाच्या डब्यातून त्याने एक शिम काढला,
कुठल्या तरी मेलेल्या गाडीचा,
कानशीने दोन ठिकाणी खायला लावला, बसवला.
पॅडचं तोंड पॉलिश पेपरवर घासलं,
कडा तिरप्या केल्या,
पिनांना ग्रीस, पाठीला बोटभर,
‘तोंडाला लागलं तं गाडी थांबनार न्हाई,
मंग वरडशील तू.’
तीनशे साठ रुपये.
‘शे-दीडशे किलोमीटर हळूहळू दाब,
बसू दे त्यांना एकमेकांवर.’

मी बसणार, तेवढ्यात हात पुसत म्हणाला,
‘सायेब, गावात तुमच्या गाडीले भोंगा म्हंतात.
भोंगा वाजला का तारेवरचे आकडे उतरतात.’
आणि नजर चुकून
आपल्याच दुकानामागच्या खांबावर गेली त्याची.
मीही पाहिलं नाही.

तीन वर्षं वीज मंडळाच्या माझ्या रजिस्टरात
ह्या पाच गावांपुढे
मी स्वच्छ अक्षरात लिहीत आलो: निरंक.
बढतीच्या वेळी त्याचं कौतुकही झालं होतं.

दुसऱ्या दिवशी चिनावलला, दुपारी दोनला,
वळणावर पाय ठेवला.
काही नाही. टायरखाली केळीचं वाळकं पान
मोडलं, तेवढंच.
समोरच्या अंगणात बांबू हातात घेतलेली बाई
आकडा चढवून नुकती खाली वळलेली.
कूलर सुरू झाला होता. खाटेवर एक पोर,
पोटावर ओला पंचा, झोपलेलं.
बाई माझ्याकडे पाहत राहिली,
मग गाडीकडे,
तिने आपल्याला फसवलं असावं अशी.

सव्वीस पानांचं पंचनाम्याचं पुस्तक
शेजारच्या सीटवर होतं.
मी काच खाली केली नाही.
गाडी मागे घेतली, वळणापर्यंत,
लिंबाच्या सावलीपर्यंत,
तिथे थांबलो, हळूच, मिस्त्रीने सांगितलं तसं,
आणि हॉर्नवर हात ठेवला.
दाबायचा की नाही,
हे अजून ठरत नव्हतं.
हाताखाली स्टिअरिंग
बारीक थरथरत होतं.