मधलं घर

नेब्रास्कात, मक्याच्या कडेला, ड्राय फोर्क.
पाटीवर त्रेसष्ट माणसं. पाटी जुनी आहे.

जनगणनेचा कागद आला:
घरं एकतीस, माणसं अठ्ठावन्न,
म्हणजे दर घरी एक पूर्णांक सत्त्याऐंशी शतांश.
उरलेले तेरा शतांश ओमाहाला गेले असतील,
पोस्टातली एर्मा म्हणाली, नोकरीसाठी.

मध्यक उत्पन्न अडतीस हजार सातशे.
एकतिसातलं मधलं म्हणजे सोळावं.
दुपारपर्यंत गावानं बोटांवर लावलं:
पंधरा घरं वर, पंधरा खाली
आणि मधोमध लव्हॉन ह्रुस्का,
धान्यकोठारावर ट्रक तोलणारी.

काट्यापाशी ती लाजून बसली,
जणू कुणी तिचं पासबुक
चर्चच्या दारावर डकवलं.
वरचे तिच्याशी जरा हळू बोलू लागले.
खालचे नुसतेच हिशेब करत बघायचे.

फेब्रुवारीत ऑर्व्हिल टेप्ली गेला,
त्याच्या दाराला कुलूप.
घरं तीस.
तिसाला मधलं घर नसतं.

मध्यक आता लव्हॉन आणि कोल्टरमनांच्या मध्ये पडतो.
योगायोगानं शेजारीच आहेत ते.
मध्ये नुसतं गवत, एक गंजलेली गॅसची टाकी.
तिथं कुणी राहत नाही.

मे महिन्यात लव्हॉन ते गवत कापते.
कोल्टरमनांच्या बाजूचंही.