पाच वॅट

दर तिसऱ्या सकाळी गाडी मेलेली.
किल्ली फिरवली की नुसतं टिक्,
दाताखाली खडा आल्यासारखं.
दीर म्हणाला, थंडी.
नारिनमध्ये जानेवारीत उणे अठ्ठावीस असतं,
तेव्हा थंडीवर काहीही ढकललं तरी खपतं.
शेजारचा तुर्दुबेक म्हणाला, बॅटरी म्हातारी झाली.
मी नवी घेतली, पगाराचा तिसरा हिस्सा मोजून.
तिसऱ्या सकाळी तीही टिक्.
चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग रोज रात्री बॅटरी सोडवून घरात आणायचे,
नमद्यात गुंडाळून चुलीपाशी ठेवायचे.
सासूबाई म्हणायच्या, हिलाही भरव आता दोन घास.

शेवटी दोर बांधून एसेनकुलच्या गॅरेजात नेली.
एसेनकुल फार बोलत नाही.
त्याने बॅटरीची काळी वायर काढली, मध्ये मीटर जोडला,
दाराच्या चौकटीतलं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं.
"गाडीला वाटू दे, सगळे उतरून गेलेत."
किल्ली खिशात घातली
आणि चहा ओतला.

बंद गाडी. कुणी बसलेलं नाही, काही चालू नाही.
मीटरवर शून्य दशांश चार दोन.
"कुणीतरी पितंय," तो म्हणाला.

चिमट्याने एकेक फ्यूज उपटत गेला.
रेडिओ. आकडा तसाच.
हॉर्न. तसाच.
सिगरेट पेटवायचं भोक, जिथे थोरला फोन लावून ठेवतो
आणि ज्याच्यावर घरात दोनदा भांडण झालं: तसाच.
अलार्म, ज्यावर एसेनकुलचा पहिल्यापासून डोळा होता:
किंचित हलला.
तेवढं त्याचं पोटापुरतं, म्हणाला, ते देऊ त्याला.
नववा फ्यूज, आतले दिवे,
आणि आकडा धपकन खाली.

पण दिवे तर बंद होते.
डिकी उघडली, दिवा लागला.
डिकी लावली –
लावल्यावर आत काय होतं ते बाहेरून कोण सांगणार?
पोऱ्या शेरनियाज म्हणाला, मी नाही शिरणार.
एसेनकुलने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.
म्हणून मी.

स्टेपनीला पाठ, गुडघे पोटाशी.
झाकण खाली आलं.

दिवा जळतच होता.
पिवळट, नखाएवढा, पाच वॅटचा.
त्याच्या उजेडात बटाट्यांची माती,
वाळून कागद झालेलं कोबीचं पान,
लोकरीचा पुंजका,
आणि धाकटीचा हातमोजा, ज्याच्यासाठी मी नोव्हेंबरभर
तिला बोलत होते.
हे सगळं रात्र रात्र उजेडात बसलेलं,
बघायला कुणी नसताना.
थेंबे थेंबे.

"जळतोय का?" बाहेरून.

पुढच्या सीटवर माझा फोन वाजत होता.
शाळेचा हिशेब असेल, किंवा सासूबाईंचं औषध,
किंवा दीर, त्याला पाचला गाडी हवी होती.
वाजून थांबला. परत वाजला.
इथे वारा नव्हता.
मोजा हातात घेतला, अंगठ्याशी उसवलेला.
मीच विणला होता, घाईत.

"बुरमाकान? जळतोय का?"

"थांबा," मी म्हणाले,
"नीट बघते."

बटणाची टोपी झिजली होती, बास.
एसेनकुलने काड्यापेटीचा तुकडा दुमडून खाली सारला,
पैसे नको म्हणाला, मग घेतले.

पाचव्या सकाळी उणे एकतीस.
गाडी एका झटक्यात सुरू झाली.
दीर अंगणात उभा, हात बगलेत:
"म्हणालो नव्हतो? थंडीच होती ती."